चार फुटांत रेल्वे : जुना छंद पुन्हा रुळावर आणणाऱ्यांसाठी

मॉडेल रेल्वेकडे परत येणाऱ्यांची एक ठरलेली वाट असते. मुलं हाताशी येतात, माळ्यावरचा खोका आठवतो, रात्री उशिरा यूट्यूबवर परदेशातल्या कुणाच्या तरी तळघरातला भलामोठा लेआउट (फळीवर मांडलेली छोटी रेल्वे) दिसतो आणि दुसऱ्या दिवशी कागदावर दहा बाय बाराच्या खोलीत डबल लाइन, घाट, बोगदा, जंक्शन, लोको शेड सगळं उमटतं. मग इंजिनं यायला लागतात. एक, दोन, पाच. प्लायवूड काही येत नाही. दोन वर्षांनी घरात लेआउट नसतो, असतात ते कपाटभर खोके आणि घरच्यांचे टोमणे.

ही वाट टाळायची असेल तर पहिला लेआउट चार फूट बाय एक फुटाचा करा. दिवाणाखाली सरकेल, कपाटामागे उभा राहील, आणि मुख्य म्हणजे पुरा होईल. त्यावर गाडी गोल फिरणार नाही. पण रोज संध्याकाळी अर्धा तास खेळावंसं वाटेल असं काहीतरी त्यावर असेल. ते काय, ते पुढे सांगतो. सगळं पायरीपायरीनेच घेऊ.

1. आधी माळ्यावरचा खोका उतरवा

खोका नसेल तर ही पायरी सोडा. असेल तर त्यातला कंट्रोलर (रुळांना वीज देणारा डबा) लगेच प्लगात खुपसू नका. काका किंवा मामांनी अमेरिकेतून आणलेला संच असेल तर तो कंट्रोलर 110-120 व्होल्टचा असणार. आपल्या 230 व्होल्टवर त्याचा धूर व्हायला क्षण पुरतो. संच इंग्लंडचा किंवा जर्मनीचा असला तरी इतक्या वर्षांनी वायरचं आवरण तडकलेलं असतं. कंट्रोलर नवा घ्यायचा, यात काटकसर नको.

रुळांच्या मधोमध धातूच्या ठिपक्यांची रांग किंवा तिसरा रूळ दिसला तर माल बहुधा मार्कलिन या जर्मन कंपनीचा आहे. त्याची वीजरचना वेगळी असते. ती नेहमीच्या दोन रुळांच्या मालात मिसळत नाही. मार्कलिनच चालवायचं असेल तर खुशाल चालवा, फक्त सगळंच मार्कलिनचं घ्यावं लागेल.

बाकी इंजिनांची परीक्षा सोपी आहे. हातभर रूळ घ्या, त्यावर इंजिन ठेवा आणि 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन टोकं वायरीने दोन रुळांना टेकवा. इंजिन धावलं तर मोटर शाबूत आहे. नुसतं गुरगुरलं तर आतलं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालंय. वरचं कवच काढा, इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दातेरी चाकांमधलं जुनं ग्रीस काढा, आणि धुऱ्यांच्या टोकांना शिवणयंत्राच्या तेलाचा सुईच्या अग्रावर बसेल एवढाच थेंब द्या. गंज सोडवायचा स्प्रे मारण्याचा मोह होतो, तो आवरा. ते तेल मोटरच्या कम्युटेटरवर (आत फिरणाऱ्या तांब्याच्या भागावर) गेलं की इंजिन आधीपेक्षा वाईट चालतं.

जुन्या रुळांचं मात्र फारसं काही होत नाही. पिवळे पितळी रूळ लगेच काळवंडतात, लोखंडी रूळ मुंबई-कोकणाच्या हवेत गंजतात. हे दोन्ही प्रकारचे रूळ नातवंडांना खेळायला द्या आणि स्वतःसाठी निकेल सिल्व्हरचे घ्या. जुन्या इंजिनांच्या चाकांची कड खोल असते, म्हणून रूळ कोड 100 चे घ्यावेत. हा आकडा रुळाच्या उंचीचा आहे, 0.100 इंच. कोड 75 दिसायला अधिक नाजूक आणि खरा वाटतो, पण जुनी चाकं त्याच्या स्लीपरवरच्या पकडींवर टकटक आपटत जातात.

2. मोजमाप ठरवा, आणि गेजचं (रुळांमधल्या अंतराचं) गणित एकदा करून टाका

एचओ म्हणजे 1:87 (खऱ्या गाडीच्या 87 व्या हिश्शाएवढं मॉडेल), रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. इंग्लंडचं ओओ म्हणजे 1:76, पण रूळ तेच 16.5 मिमीचे. एन म्हणजे साधारण 1:160, रूळ 9 मिमीचे. परत येणारे बहुतेक जण एचओ किंवा ओओ घेऊन येतात, कारण खोक्यात तेच असतं.

भारतीय गाड्या करायच्या म्हटलं की इथे एक गोम निघते. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर 1676 मिमी. त्याला 87 ने भागलं तर 19 मिमीच्या वर जातं. म्हणजे 16.5 मिमीच्या बाजारू रुळांवर डेक्कन क्वीन उभी केली की तिचे पाय जवळ घेतल्यासारखे दिसतात. ओओमध्ये तर ते 22 मिमी हवं. बहुतेक हौशी मंडळी याकडे काणाडोळा करतात आणि त्यात काही बिघडत नाही.

ज्यांना हे खटकतं आणि नव्याने सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी आपल्याच मातीत एक सुरेख वाट आहे, नॅरोगेजची. बार्शी लाइट रेल्वेचं गेज होतं 762 मिमी. त्याला 87 ने भागा, 8.76 मिमी येतात. एनचे रूळ 9 मिमीचे. फरक पाव मिलिमीटरचा! म्हणजे रूळ आणि यंत्रणा एनची, वरचा डोलारा एचओचा. या जोडीला एचओई म्हणतात. ऑस्ट्रियातल्या 760 मिमीच्या गाड्यांमुळे या प्रकाराचा माल युरोपात मुबलक मिळतो. विदर्भातली शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्ग, त्याच 762 मिमीचा. माथेरानची गाडी 610 मिमीची आहे, तिला 9 मिमीचे रूळ थोडे रुंद पडतात. तरी 1:76 मध्ये ओओ-9 नावाने लोक अशा दोन फुटी गाड्या करतातच.

बार्शी लाइटचं आणखी एक बरं आहे. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही लाइन सुरू झाली. ती उभी करणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप शिस्तीचे इंजिनियर. त्यांनी सगळ्या वाहनांसाठी एका आसामागे 5 टनांची मर्यादा घालून दिली आणि मालाच्या वाघिणी एकाच सांगाड्यावर बांधल्या, 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद. मॉडेलवाल्याला याहून सोयीचं काय हवं? एकच सांगाडा बनवायला शिका, त्यावर बंद वाघीण, उघडी वाघीण, सपाट वाघीण, काय हवं ते चढवा. 25 फूट म्हणजे 7.62 मीटर, 87 ने भागून 88 मिमी. तळहातावर मावते.

पुढचं सगळं मी एचओईचा बार्शी लाइटवरचा मालधक्का डोळ्यांसमोर ठेवून सांगतोय. खोक्यात एचओ किंवा ओओ असेल तर हाच आराखडा छोट्या चारचाकी वाघिणींवर जसाच्या तसा बसतो. तेव्हा फळी अर्ध्या फुटाने वाढवली तर बरं.

3. डीसी की डीसीसी

तुम्ही छंद सोडला तेव्हा कंट्रोलरची मूठ फिरवली की रुळात 0 ते 12 व्होल्ट जायचे आणि रुळावर असेल ते इंजिन पळायचं. ती डीसी. आता डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) आहे. रुळात कायम पूर्ण वीज असते, त्यातूनच संदेश जातात आणि इंजिनातला डिकोडर (छोटी चिप) आपल्या नंबरचा संदेश ओळखून चालतो. नवं इंजिन बहुधा 3 नंबर घेऊनच येतं. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, दिवे लागतात, भोंगा वाजतो.

चार फुटांच्या, एका इंजिनाच्या लेआउटला डीसी पुरते. तिथे डीसीसीवर खर्च करण्यापेक्षा चांगला, मंद गतीवर ताबा ठेवणारा डीसी कंट्रोलर घ्या. वायरिंग मात्र पहिल्यापासून डीसीसीला चालेल असं करा, उद्या पुन्हा खालून वर करायला नको. आणि डिकोडर नसलेलं जुनं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं करून ठेवू नका, मोटर तापून जळते.

4. आराखडा: तीन सायडिंग, दोन सांधे

इंग्लंडमध्ये ‘इंगलनूक’ नावाचा एक जुना आराखडा आहे. छोट्या जागेसाठी मला तरी याहून चांगला माहीत नाही. रचना अशी: एका टोकाला आखूड बंद लाइन, जिथे इंजिन आणि 3 वाघिणी मावतील. तिथून पहिला सांधा, म्हणजे एक रूळ दोन वाटांत फुटतो ती जागा. त्याची एक वाट 5 वाघिणींच्या सायडिंगला, म्हणजे वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या लाइनला, जाते. दुसऱ्या वाटेवर दुसरा सांधा, आणि त्यातून 3-3 वाघिणींच्या दोन सायडिंग फुटतात. झालं.

खेळ असा. 8 वाघिणींना 8 चिठ्ठ्या. डोळे मिटून 5 चिठ्ठ्या उचला. ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने 5 वाघिणींची गाडी लांब सायडिंगवर लावायची. इंजिनाने ओढायचं आणि ढकलायचं, हाताने उचलायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण 8 मधून 5 वाघिणी क्रमाने लावण्याचे 6720 प्रकार होतात आणि काही चिठ्ठ्या चांगलाच घाम काढतात. गोल फिरणारी गाडी आठवड्याभरात कंटाळा आणते. हा खेळ सहसा आणत नाही.

लांबी सायडिंगच्या नावावर ठरवू नका, वाघिणींवर ठरवा. कपलिंग (वाघिणी जोडणारा आकडा) धरून एक वाघीण साधारण 97 मिमी होते. तीन वाघिणी 290, त्यात छोटं इंजिन 90, म्हणजे बंद लाइन 380. सांधा साधारण 130. लांब सायडिंग 485. बेरीज 995, म्हणजे मीटरच्या आतच. मग सांध्याच्या तोंडाशी उभी वाघीण शेजारच्या लाइनवरच्या इंजिनाला घासू नये म्हणून थोडी जास्तीची जागा आणि टोकाला बफर (गाडी अडवणारा ठोकळा). चार फूट म्हणजे 1220 मिमी, त्यात हे सगळं आरामात बसतं. फक्त सायडिंगची लांबी नेमकी ठेवा. 3 वाघिणींच्या सायडिंगवर चौथी मावली की कोडं पोकळ होतं.

5. फळी

8 बाय 4 फुटांच्या प्लायच्या शीटमधून अशा आठ फळ्या निघतील, तेव्हा पूर्ण शीट घेण्याआधी दुकानात कापलेले तुकडे आहेत का विचारा. वरचा पृष्ठभाग 6 मिमी, खालची चौकट 12 मिमी प्लायच्या 75 मिमी रुंद पट्ट्यांची. मधे दर फुटावर एक आडवी पट्टी. चौकटीला सागवानी किंवा पाइनच्या पट्ट्या लावायचा सल्ला सुतार देईल. त्याला नम्रपणे नाही म्हणा. भरीव लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, आणि ते वाकलं की वरचे रूळही वाकतात. प्लायच्या थरांमुळे ही ओढाताण कमी होते.

प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा घ्या. रूळ टाकण्याआधी फळीच्या वरून, खालून आणि विशेषतः कापलेल्या कडांना वूड प्रायमरचे दोन हात द्या. आपल्याकडे ओलावा खालूनच शिरतो. फळी भिंतीला चिकटवून कायमची ठेवणार असाल तर बोटभर फट ठेवा. तिथून वाळवी दिसते तरी.

फळी छातीच्या उंचीवर ठेवली तर गाडी खरी वाटते. टेबलावर ठेवून वरून पाहिलं की ती पुन्हा खेळणं होते. बुकशेल्फचा वरचा कप्पा मिळाला तर घरात वाटाघाटी करून तो पटकवा. आणि पुढेमागे मोठा लेआउट करायचाच झाला तर भिंतीलगतची फळी अडीच फुटांपेक्षा रुंद नको. मागच्या कोपऱ्यात घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचला नाही की छंद तिथेच संपतो.

6. रूळ टाकणं

इथे घाई करू नका. झाडं, घरं, माणसं नंतर कितीही बदलता येतात. वाईट टाकलेला रूळ मात्र रोज छळतो.

पेकोसारखे उत्पादक सांध्यांचे खऱ्या मापाचे नकाशे मोफत देतात. ते 100 टक्के मापात छापा आणि छापल्यावर पट्टी लावून खात्री करा, प्रिंटर गुपचूप लहान करतो. कागद फळीवर ठेवा, त्यावर वाघिणी उभ्या करा, सरकवून पाहा. दोन-चार दिवस तसंच राहू द्या. आधी सांध्यांच्या जागा पक्क्या करा, मग बाकीचे रूळ त्यांना जोडा.

रूळ कापल्यावर टोकाची कूस कानशीने काढा. नाहीतर जॉइनर (दोन रूळ जोडणारा पत्र्याचा तुकडा) नीट बसत नाही आणि प्रत्येक चाक तिथे उडी मारतं. जोडणीवर कोपरा पडलाय का, ते वरून कळत नाही. डोळा रुळाच्या पातळीला आणा, एक डोळा मिटा आणि रुळावरून लांबवर पाहा. गँगमनही असंच पाहतो. जोडणीवर नखाची कड मावेल एवढी फट राहू द्या, फळी हवामानाप्रमाणे कमीजास्त होते. रुळांखाली 2-3 मिमी कॉर्क घालून फेविकॉलचा पातळ थर द्या आणि वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर विसरून जा. सांध्यांच्या हलणाऱ्या पात्यांखाली गोंद नको.

आता सांध्याचं काळीज. दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे व्ही आकाराचा तुकडा असतो, त्याला फ्रॉग म्हणतात. तो प्लॅस्टिकचा असला तर छोट्या इंजिनाची चाकं तिथे वीज गमावतात आणि इंजिन अडून बसतं. नॅरोगेजच्या इंजिनाच्या चाकांमधलं अंतर कमी, म्हणून त्याला हे हमखास होतं. धातूच्या फ्रॉगचा सांधा घ्या. मात्र वाट बदलली की त्या फ्रॉगची वीजही बदलावी लागते.

हे काम एका साध्या डीपीडीटी (दोन बाजूंना सरकणाऱ्या, दुहेरी) स्लाइड स्विचने होतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो अगदी स्वस्तात मिळतो. स्विच फळीच्या पुढच्या कडेला बसवा. त्याच्या खुंटीला बारीक भोक पाडून कडक स्टीलची तार अडकवा, ती फळीखालून सांध्याच्या हलत्या पट्टीपर्यंत न्या आणि टोक वर वळवा. स्विच सरकवला की तार सांधा ओढते. त्याच सरकण्यात स्विचच्या मधल्या टर्मिनलला जोडलेला फ्रॉग एका रुळाकडून दुसऱ्या रुळाकडे जातो. म्हणजे मधलं टर्मिनल फ्रॉगला आणि बाजूची दोन टर्मिनलं दोन रुळांना. शॉर्ट झालं तर त्या बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल करा. ना मोटर, ना सर्किट, आणि सांधेवाल्याचा लिव्हर ओढल्याचं सुख वेगळंच. तारेला मधे इंग्रजी झेडसारखा बाक द्या, तो स्प्रिंगचं काम करतो. नाहीतर जोरात सरकवताना सांध्याची पट्टी तुटेल.

7. वायरिंग

फळीखाली टोकापासून टोकापर्यंत दोन जाड वायरी घ्या, 1.5 चौ. मिमीच्या, एक लाल आणि एक काळी. वरच्या रुळाच्या प्रत्येक तुकड्यापासून एक बारीक वायर खाली आणून यांना जोडा. मागचा रूळ लाल, पुढचा काळा, आणि हे कधीही बदलायचं नाही. जॉइनरच्या भरवशावर वीज पुढे पाठवू नका. आज जाईल, दोन पावसाळ्यांनंतर जाणार नाही.

रुळाला सोल्डर करताना आधी रूळ घासून चकचकीत करा, फ्लक्स लावा, वायरीच्या टोकाला वेगळं सोल्डर चढवून घ्या, मग गरम टोक क्षणभर टेकवा. रेंगाळलात तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतील. शेजारी ओल्या कापसाचे बोळे ठेवले तर ते उष्णता शोषून घेतात.

डीसीसी असेल तर शेवटी नाण्याची परीक्षा. रुळांवर जागोजागी रुपयाचं नाणं आडवं टाका. प्रत्येक ठिकाणी कमांड स्टेशनने (डीसीसीच्या मुख्य कंट्रोलरने) लगेच वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही तिथे वायरिंग कमजोर आहे, आणि उद्या खरा शॉर्ट झाला तर तिथेच काहीतरी वितळेल.

8. खडी टाकण्याआधी खेळा

उघड्या फळीवर निदान महिनाभर खेळा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण घसरण्याची जागा, अडखळणारा सांधा, न सुटणारं कपलिंग, सगळं आत्ताच बाहेर येतं. एकदा खडी चिकटली की ते दुरुस्त करणं महाकठीण.

वाघिणी घसरत असतील तर आधी वजन पाहा. हलकी वाघीण ढकलताना उचलली जाते. एचओसाठी अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेची शिफारस आहे: 1 औंस, अधिक दर इंच लांबीमागे अर्धा औंस. म्हणजे 4 इंची वाघीण 3 औंस, साधारण 85 ग्रॅम. एचओईला एवढं लागत नाही, छोटं इंजिन ते ओढणारही नाही. तिथे आकड्यापेक्षा सगळ्या वाघिणींचं वजन सारखं असणं महत्त्वाचं. वजनासाठी खास काही मागवू नका. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगला लावतात त्या 5 आणि 10 ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मागा. वाघिणीच्या आत अगदी खाली चिकटवा.

9. खडी, माती, पत्रा

खडी कोरडी टाकायची, मऊ ब्रशने स्लीपरांच्या मधे बसवायची. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घातलेलं पाणी बारीक फवाऱ्याने मारायचं, आणि त्यावर एकास दोन पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडायचं. लिक्विडशिवाय गोंद खडीवर मोत्यासारखा बसून राहतो आणि खडी वाहून नेतो.

जमिनीसाठी रंगाचे डबे आणण्याआधी खरी माती आणा. बार्शीकडची काळी माती हुबेहूब रंगवणं अवघड आहे, ती चिकटवणं सोपं. जुन्या तव्यावर खरपूस भाजा म्हणजे अंडी, किडे, बुरशी जाईल. मग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून चाळा. त्यानंतर एक पायरी हमखास राहते: कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या मातीतून फिरवा. दख्खनची माती बसाल्ट खडकाची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. बाहेर येईल तेव्हा चुंबकाला काळी लव फुटलेली दिसेल. हेच कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटले असते.

वाळलेल्या गवतासाठी सुतळी उसवून 3-4 मिमीचे तुकडे करा. बाभळीसाठी जळक्या मोटरमधली तांब्याची तार पिळून खोड करा. छत्रीसारखा पसरट आकार साधला की झाड ओळखू येतं, पानं नंतर.

मागे एक जिनिंगचं शेड उभं केलं की मालधक्क्याला कारण मिळतं. त्याचा नालीदार पत्रा घरीच होतो. हॉटेलमधून पार्सल येतं त्या जाड फॉइलच्या डब्याचा तळ कापून सपाट करा, जुन्या माउसपॅडवर ठेवा आणि त्यावरून पूर्ण आट्यांचा एम5 बोल्ट दाबून लाटा. खऱ्या पत्र्याची नाली साधारण 76 मिमी अंतराने असते, 1:87 मध्ये ती 0.87 मिमी होते. एम5 बोल्टच्या आट्यांमधलं अंतर 0.8 मिमी. इतकं जवळचं माप विकतच्या शीटमध्येही नेहमी मिळत नाही. नाली किंचित तिरकी उमटते, तेव्हा पत्रे तिच्या रेषेत कापा. एक पत्रा साधारण 9 मिमी रुंद कापून एकावर एक थोडा चढवत लावा, वर राखाडी प्रायमर आणि खिळ्यांच्या ओळीखाली गंजाचे ओघळ. कापसाच्या गाठी म्हणजे 12 मिमी लांबीचे लाकडी ठोकळे. त्यांना गोणपाटाचा रंग द्या आणि दोऱ्याचे पट्टे आवळा.

10. विकत काय, कुठून

परदेशातून मागवताना शुल्काचा हिशेब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. आजचा दर पाहूनच ऑर्डर द्या. म्हणून सांधे, कंट्रोलर आणि एक चांगलं चालणारं इंजिन एवढंच विकत घ्यायचं ठेवा आणि वाघिणींच्या चाकांवरचं सगळं घरी बनवा. परदेशातल्या भावाबहिणींच्या सुटकेसमध्ये जागा मागायला लाजू नका, पण तिथला 110 व्होल्टचा कंट्रोलर मागवू नका. एनच्या चॅसिसवर थ्रीडी प्रिंट केलेलं कवच बसवायची सोयही आता आहे. परदेशात राहणाऱ्यांची चैन आहे. तिथल्या क्लबांच्या प्रदर्शनांत जुना माल मातीमोलाने मिळतो.

आणि काही घेण्याआधी पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय पाहून या. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं हे छोटं शहर 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलं गाड्या बघतील, तुम्ही रुळांची मांडणी, वळणं आणि सिग्नल बघा.

11. पावसाळा

लेआउटला सनबोर्डचं हलकं झाकण करा. जुनी चादर टाकू नका, तिची लव आसांत गुंडाळली जाते. जून ते सप्टेंबर आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गाडी नियमित चालवा, बंद लेआउट लवकर रुसतो. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. सँडपेपर लावलात तर रुळावर चरे पडतात आणि पुढची घाण त्याच चऱ्यांत बसते. चाकं साफ करायला टिश्यू पेपर अल्कोहोलने भिजवून रुळावर आडवा टाका, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवून वीज द्या. कागदावर काळ्या रेघा उमटतील. मग इंजिन उलटं फिरवून बाकीची.

12. वाढवायचं झालं तर

लांब सायडिंगच्या टोकाचा बफर काढा आणि तिथून रूळ दुसऱ्या फळीवर न्या. ही फळी दोन-अडीच फुटांची, सजावटीशिवाय, पडद्यामागची. तिच्यावर गाडी लपते आणि ‘कुर्डुवाडीहून’ येते. पहिल्या फळीची शेवटची आडपट्टी बांधतानाच तिच्यात 8 मिमीची दोन भोकं पाडून ठेवा, म्हणजे बोल्ट आणि विंगनटने दोन्ही फळ्या जोडता येतील. जोडावर रुळांची टोकं पितळी स्क्रूच्या डोक्यांवर सोल्डर करा. आधी रूळ दोन्ही फळ्यांवरून सलग टाकायचा, सोल्डर करायचा आणि मगच बारीक करवतीने मधे कापायचा. उलट क्रमाने केलं तर टोकं कधीच जुळत नाहीत.